साकु

सिव्हिलच्या सतरा नंबर खोलीत
पट्टणशेट्टी बाईंनी लिहिलं ते मला वाचता आलं नाही.
औषधवाल्यानं पाकिटावर पेनानं एक रेघ ओढली,
म्हणाला, दिनक्के ओंदु. ऊटा आद मेले.
रोज एक, जेवण झाल्यावर.
तेवढं कन्नड येतं मला, वडगावात माग चालवतो.
येत नव्हता तो एकच शब्द.

खासबागच्या मागं मल्लाप्पा ओतायचा
आणि ग्लास अर्धा झाला की हात थांबवून विचारायचा,
साकु?
बावीस वर्षं विचारत राहिला बिचारा.
मला मराठीत पुरे म्हणता यायचं नाही,
त्याच्या भाषेत कुठनं म्हणणार?

शेडमधला बसू म्हणाला, भरमा, सांभाळ,
त्या गोळीवर प्यालास की तोंड लाल होतं, माणूस आडवा.
बाई म्हणाल्या, ती वेगळी. ही भीती घालत नाही.
ही फक्त आतनं कडी लावते.
दारू येईल, दार वाजवेल,
आत कुणी उठणार नाही.
मी विचारलं, आणि प्यालो तर?
पिऊ नका, म्हणाल्या. प्यालात तर लपवू नका,
इथं येऊन सांगा.

अकराव्या दिवशी गेलो.

चव तीच. घशातली जळजळ तीच.
पण छातीखाली एक जागा असते,
जिथं पहिल्या घोटाला कुणीतरी
माझ्यासाठी चटई अंथरायचं,
तिथं कुणी आलं नाही.
वाट बघितली.
लाईट गेल्यावर माग मध्येच थांबतो,
धोटा अर्ध्या वाटेत, आणि आपण उगाच
हात लावून उभे राहतो, तसा बसलो.
मल्लाप्पानं विचारलं, साकु?
मी म्हटलं, साकु.
त्यानं बाटली उजेडात धरून लेबल वाचलं.

घरी येऊन रडलो.
शेवंताला वाटलं, प्यालाय म्हणून रडतोय.
कसं सांगू, की माझी एकुलती एक मौज
तुरीच्या दाण्याएवढ्या गोळीनं नेली,
आणि तिच्या जागी अजून काहीच ठेवलं नाही.

मग मी चोरी केली.
गोळी जिभेखाली, जीभ वर न करता मान हलवायची,
आणि शेडमध्ये जाऊन कांड्यांच्या डब्यात थुंकायची.
चार गोळ्या तेजूला सापडल्या,
जरीच्या रिळाला चिकटलेल्या.
शेवंता काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी ताटात, भाकरीच्या कडेला,
चारी ओळीनं मांडल्या होत्या, पुसून.
पाचवी तिच्या हातात.
आ कर, म्हणाली. जीभ वर.
बेचाळीस वर्षांचा माणूस मी,
पोरीसमोर जीभ वर केली.

बाईंना जाऊन सांगितलं, दोन्ही गोष्टी.
त्यांनी रक्त तपासायला पाठवलं
आणि पुढची तारीख लिहिली. रागावल्या नाहीत.
रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

रात्री नऊला अजून पाय खासबागकडे वळतात.
मी त्यांना अनगोळच्या रस्त्यानं फिरवून आणतो,
शेंगदाण्याची चिक्की खात,
दाढ दुखते तरी.
परवा ताणा तुटला.
आधी अशा वेळी तेजूची शाळा सुटायची वाट बघायचो,
माझ्या बोटांत गाठ बसायची नाही.
परवा बसली. दुसऱ्या फटक्यात.
बघायला कुणी नव्हतं, बसूसुद्धा चहाला गेलेला.
मीच दोनदा ओढून बघितली.

आज दुकानात नवा पोरगा होता.
त्यानं रेघ ओढली नाही,
मराठीत विचारलं, किती दिवसांच्या देऊ?
मला सांगता येईना.
दहाच्या दे, म्हटलं.
तो पट्टी कापायला लागला
तेव्हा म्हटलं, थांब.
कापू नको.