उसनी शीळ

हुइया शेवटची कधी दिसली याच्या तारखा बऱ्याच आहेत,
सगळ्यांना पटेल अशी एकही नाही.
रुआहिने डोंगराच्या ज्या उतारावर ती
कुजक्या ओंडक्यांतून अळ्या काढायची
तिथे आता कुंपण, कुंपणात मेंढ्या,
मेंढ्यांच्या पाठीवर निळ्या रंगाचे आकडे.

पीस मिळालं पाराटेनेच्या घरातल्या कोरीव पेटीतलं.
काळं, टोकाशी दुधात बुडवून काढल्यासारखं.
पिसात म्हणे सगळं लिहिलेलं असतं,
मादीच्या चोचीचा बाक, नराची आखूड चोच, डोळ्यांचा रंग.
आवाज तेवढा नसतो.
तो ज्याचा त्याने आईकडून उचलायचा,
आणि आई तर दुसऱ्याच जातीची असणार,
सरकारी पिंजऱ्यातली, आपल्याच अंड्यांवर बिचकून बसलेली.

म्हणून ध्वनिमुद्रक घेऊन ङाहुइया आली,
पाराटेनेची नात. नाव त्या पक्ष्यावरूनच.
(आपल्याकडे ङ ने काहीच सुरू होत नाही.
मुळाक्षरांत त्याची जागा तेवढी राखून ठेवलीय.)

"कोरो, शीळ घाला."

"आधी हे घे यंत्रात.
माझा आजा हाकोपा झाडाआड उभा राहून ही शीळ घालायचा.
पक्षी भोळा. उड्या मारत यायचा,
जोडीदारीण मागोमाग.
काठीच्या टोकाला फास असायचा.
आम्हाला येतं ते त्यांचं गाणं नाही, पोरी,
ते आमिष आहे. तेवढंच उरलंय.
पिल्लांना हेच शिकवणार?
मोठी होऊन एकमेकांना हाका मारतील
त्या आमच्या फासाच्या आवाजात.
आणि तिच्या पिसांत एक ऊ राहायची,
फक्त तिच्याच. तीही गेली तिच्याबरोबर.
तिच्यासाठी कुणी पैसे काढलेत का?"

मग बराच वेळ फ्रिजची घरघर.
मग शीळ. अकरा सेकंद.

वरून निरोप आला: शीळ तेवढी ठेव, बोलणं काढ.

रात्री कानांवर हेडफोन लावून ती बसली.
हाकोपा गेला. काठी गेली. ऊ दुसऱ्यांदा गेली.
फ्रिजही गेला.
शिळेच्या अगदी आधी म्हाताऱ्याने दम घेतलाय,
छातीत साठ वर्षांच्या विडीची खरखर.
तिथे तिचं बोट थांबलं.
तेवढा तुकडा तिने राहू दिला.
का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

अंडी फुटायला अवकाश आहे. फुटतील असंही नाही.
पण फुटलीच, तर पिल्लू कानावर पडेल ते सगळंच घेईल,
गाळणी त्याला कुठून असणार.
आणि कधीतरी त्या उतारावर, मेंढ्या हलवल्यावर,
एक तरुण मादी लांब चोच वर करेल,
आधी म्हाताऱ्यासारखा खरखरीत दम घेईल
आणि मग नराला हाक मारेल.