रिकामं वजन

कळमन्याच्या यार्डात, मे महिन्यात, सकाळी नऊलाच
पत्र्याला हात लावता येत नाही.
मी यादी करायला आलेली:
सत्तावीस किलोमीटर लाइन, दोन इंजिनं, त्यातलं एक चालू,
एकोणचाळीस वाघिणी, वजनकाटा,
फाटकवाल्याच्या खोलीतला पंखा, पातं वाकलेला.
तीस तारखेच्या मध्यरात्री हे सगळं
एका नावावरून दुसऱ्या नावावर जाईल,
आणि त्या वेळी रुळांवर बहुधा कुत्री झोपलेली असतील.

वकिलांच्या कागदात लाइनीला 'मत्ता' म्हटलंय,
माणसांना 'परिशिष्ट क'.
चौदा नावं. अकरावं:
सोनकुसरे दौलत झिबल, रंगारी, वय अठ्ठावन्न.

तो सतरा नंबरच्या वाघिणीला चिकटून,
हातभर सावलीत, पत्रीनं खरवडत होता.
"लिवा नं जी," म्हणाला, मान न वळवता.
"बापानं दोन नावं लिवली, इंग्रजाचं अन् महामंडळाचं.
मी तीन. कलकत्त्याचा शेठ, रायपूरवाले, मंग हे.
आता सहावं."

खरवडताना मालक उलटे निघतात.
ज्यानं शेवटी घेतलं तो आधी मातीत पडतो,
निळा, पापुद्र्यापापुद्र्यानं.
त्याखाली तांबडा. त्याखाली एक हिरवा,
जो कुठल्याच करारात मला सापडला नव्हता.
"तो?" मी विचारलं.
"तो पंधरा दिवसच होता. चेक वटला नाई."

कोपऱ्यात खाली मात्र बोटभर पांढरी अक्षरं:
रि. व. ५.८ टन.
तिथे पत्री जात नव्हती.
"रिकामं वजन हाय नं ते. मालक बदलला म्हणून
वाघीण रिकामी हलकी होते काय?"

मी खाली बसले. यादीचा पुढचा रकाना होता
रुजू तारीख.
नव्या कंपनीचं पत्र सांगतं:
सेवा हस्तांतराच्या दिवसापासून मोजावी.
म्हणजे एक तारखेला हा माणूस
नवीन लागेल. चौथ्यांदा.
त्याला माहीत होतं. त्यानं विचारलं नाही.
डब्यातला लाखोळीच्या डाळीचा वडा पुढे केला
आणि म्हणाला, "पहिल्या दिवशी मँगनीजची वाघीण घसरली होती,
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. तान्हा पोळा.
साल तुमीच काढा."

मी काढलं. मोबाइलवर, पंचांगाची पानं मागे मागे सरकवत.
आणि रकान्यात तीच तारीख लिहिली, पेनानं,
घट्ट.
मुंबईत कोणी ती खोडेल का, मला ठाऊक नाही.
माझं स्वतःचं नाव परिशिष्ट ब मध्ये आहे.

दुपारी त्यानं सगळी साल पोत्यात भरली.
कंपनीच्या काट्यावर तिला नोंद नाही,
म्हणून फाटकाबाहेर भंगारवाल्याकडे नेली.
पावणेचार किलो.
ऐंशी वर्षांची नावं.
भंगारवाला म्हणाला, "रंग घेत नाई आपण.
लोखंड असन तं सांगजा."

पोतं तिथेच भिंतीला टेकून राहिलं.

संध्याकाळी निघताना पाहिलं, तो स्लीपरवर
खडूनं काहीतरी गिरवत होता.
नव्या नावात क्यू आहे. त्यानं कधी काढला नव्हता.
"ओ ले शेपूट काहून देते हे लोक?"
शेपूट एकदा आत वळली, एकदा बाहेर,
एकदा इतकी लांब गेली
की रुळाखाली शिरली.
त्यानं थुंकी लावून पुसलं, आणि परत
गोल काढला.