दोनशे बारावं पान

आठही भाग पाहिले. एका बैठकीत नाही,
कूलरच्या टाकीत दर दोन तासांनी बादली ओतत,
गोळीबार चौकातल्या खोलीत, शेहेचाळीस अंशांत.
पुतण्या म्हणाला, काका, ग्राफिक्स तरी बघा.
बघितले. ड्रॅगन छान आहे.
पुस्तकात ड्रॅगन नाही.

पुस्तकात काजळगडाला सात दारं,
यांनी तीनच ठेवली. बजेट म्हणे.
राणीचा आवाज चिरका होता, इथे मधाळ.
लंगडा घोडा धडधाकट झाला,
आणि त्याचं नाव, जे पाच खंडांत कुणी उच्चारत नाही,
ते पहिल्याच मिनिटाला हाका मारत सुटलेत.
इथवर मी गप्प होतो.
पोह्यांवरची तर्रीसुद्धा हल्ली कुठे तशी असते.

पण आगळ्या.
सातव्या दाराचा राखणदार, म्हातारा आगळ्या.
बाहेर त्याची पोर, तापलेली वाळू, पाय अनवाणी.
दार उघडायचं नाही ही त्याची शपथ,
आणि तो उघडत नाही.
खाली वाकतो, आपल्या चपला काढतो,
दाराखालच्या फटीतून
आधी एक, मग दुसरी
बाहेर सरकवतो.
बस्. एवढंच.

यांनी काय केलं? तलवार.
दार सताड. बापलेकीची मिठी, वर घिरट्या घालणारा कॅमेरा,
आणि पाऊस. वाळवंटात पाऊस!
मी टीव्ही बंद केला. पुतण्याला म्हटलं,
थांब, तुला खरं काय ते दाखवतो.

माळ्यावरची पेटी. तिसरा खंड,
ग्रंथालयाचा शिक्का, परत न केलेला,
दंड आता किती झाला असेल देव जाणे.
पान दोनशे बारा.
'आगळ्याने दार उघडले नाही.'
पुढच्या ओळीत सकाळ होते.
मागे चाळलं, पुढे चाळलं, चष्मा पुसून पुन्हा.
अख्ख्या खंडात
कुणीच चपला घालत नाही.

त्या मे महिन्यात माझे डोळे आले होते.
पापण्या चिकटलेल्या, वर ओल्या फडक्याची घडी,
आणि बाबांचा माग थांबला की
निरू वाचायची.

भिलाईला फोन लावला. ती हसली.
"अबे, तू रडून राहिला होता.
डोळ्यात औषध टाकलेलं, धुऊन जाईन म्हणून
घातल्या मी चपला मधात."
मग जरा थांबून,
"माझीच तुटली होती नं त्या दिवशी.
महालातून तशीच आली मी, डांबरावरून, तुझं ते पुस्तक घेऊन."

हे मला माहीत नव्हतं.
मला फक्त पान उलटल्याचा आवाज माहीत होता.

पुतण्या विचारतो, मग चूक कुणाची, काका?
मी म्हणतो, वाळवंटातल्या पावसाला माफी नाही.
टीव्ही पुन्हा लावतो. मागे नेतो. थांबवतो.
पोरीच्या पायांत
गुडघ्यापर्यंत बूट आहेत, कातडी, नव्या बकलांचे.
चटका बसायचा प्रश्नच नव्हता.