काकुमेई

वाशीच्या क्लासात नाडकर्णी मॅडमनी
फळ्यावर दोन अक्षरं काढली.
काकुमेई. चिनी माणूस वाचतो गमिंग.
म्हणजे क्रांती.
पहिलं, म्हणाल्या, कातडं. केस काढलेलं.
दुसरं हुकूम. आयुष्यसुद्धा तेच.
राजाला दिलेला हुकूम
आभाळ परत काढून घ्यायचं म्हणे,
सोलल्यासारखा.

बाकीच्यांनी अर्थ उतरवून घेतला.
मी कातड्यापाशीच थांबले.

रात्री कोपरखैरण्यात, टपरी आवरताना
दादांना वही दाखवली.
रापी बाजूला ठेवून त्यांनी चष्मा वर केला.
केस असे निघत नसतात, म्हणाले,
आधी चुन्यात ठेवावं लागतं. दिवस जातात.
घाई केली की कातडं फाटतं.

मग दुसऱ्या अक्षरावर बोट:
हे छप्पर दिसतंय. खाली कोण बसलंय?
गुडघ्यावरचा माणूस, दादा. हुकूम ऐकणारा.
ते हसले. पोत्यावरून उठताना
गुडघ्यावर हात टेकून थोडं थांबले,
रोजच्यासारखे.

आपल्या क्रांतीत नुसतं पाऊल आहे,
संक्रांतीतलंच,
हे सांगायचं राहिलं.
ते निघालेही होते,
कुलपाची किल्ली माझ्या हातात देऊन.