काजळीचा हिशोब

जूनमध्ये परत आलो तेव्हा हवल्लीत
भर दुपारी गाड्यांचे दिवे लागलेले होते.
दक्षिणेला तेलाच्या विहिरी जळत होत्या,
आणि वारा आमच्याकडे वळला
की दोरीवरचा सदरा संध्याकाळपर्यंत काळा.

बू नासर म्हणाला, तुझा माणूस चोर निघाला.
गोदामात तीनशे बारा पोती तांदूळ होता.
आता दाणा नाही, आणि अब्बासही नाही.
तू हिशोबनीस. शोध.

पोलिसांना त्या महिन्यात याहून मोठी कामं होती.

अब्बास चौगुले, मुक्काम हर्णै, आमचा गोदामवाला.
युद्धाआधी मी अम्मानच्या बसमध्ये चढलो
तेव्हा खिडकीशी येऊन म्हणाला होता,
"तुम्ही व्हा पुढे. मी गेलो तर किल्ल्या कुणाकडे देऊ?"

आता शटर एका कोपऱ्यातून सोललेलं,
डब्याच्या झाकणासारखं.
आत उंदीरसुद्धा नव्हते.

तिसऱ्या दिवशी मोरीचं दार आतून लावलं
तेव्हा समोर शिसपेन्सिलीनं लिहिलेलं दिसलं:
पहिला मजला, म्हातारी, अर्धं पोतं.
तिसरा मजला, उम्म वलीद, चार पोरं, दोन.
बेकरी, नऊ. पैसे घेतले नाहीत.
शिपायांनी नेली, एकशे चाळीस. मारलं.
असं खालपर्यंत, बिजागरीला वळसा घालून.
मराठीत.
ज्यांनी वाचू नये त्यांना मुंग्यांची रांग वाटावी
इतक्या बारीक अक्षरात.
मी बेरीज दोनदा केली. तीनशे बारा.

इथे माझं काम संपलं होतं खरं तर.

पण वर त्याच्या खोलीत
जमिनीवर काजळीचा थर, बोटभर नाही, पण भरपूर,
आणि खाटेखाली एक लांबट चौकोन,
कमी काळा.
तिथे त्याची पत्र्याची ट्रंक असायची.

मी खिडकीत एक पांढरी बशी ठेवली.
रोज सकाळी तिच्यावर बोट फिरवायचं,
रोज वहीत एक ओळ लिहायची.
दहा दिवसांत किती बसते, वीस दिवसांत किती.
वारा नसेल त्या दिवसाचं अर्धं धरलं.
शेजारचा मल्याळी नर्स हसला, जेवायला बशी नाही का म्हणाला.
मग बशीचा रंग त्या चौकोनाशी ताडून पाहिला.

एप्रिलचा मध्य.
म्हणजे शिपाई गेल्यावर, दीड महिन्यानं,
कुणीतरी ट्रंक उचलली.
दारावर, माझ्या कमरेच्या उंचीला,
एक पंजा उमटलेला. लहान मुलाचा.

तिसरा मजला रिकामा होता.
उम्म वलीद पोरांना घेऊन गेली, बेकरीवाला म्हणाला,
एप्रिलमध्येच. पॅलेस्टिनी लोकांना तेव्हा
कुणी थांब म्हणत नव्हतं.
सोबत कुणी पुरुष होता का?
त्यानं कणीक मळणं थांबवलं नाही.
म्हणाला, अंधार होता. तेव्हा दुपारीही अंधारच असायचा.

बू नासरला मी मोरीचं दार दाखवलं, वाचून दाखवलं.
तो बराच वेळ एका पायावर भार देऊन उभा राहिला.
मग म्हणाला, रविवारी रंगारी येणार आहेत,
हे दार तेवढं सोडायला सांग.

मरियमबीला हर्णैला पत्र लिहिलं.
तीन वेळा फाडलं. शेवटी एवढंच:
तांदळाचा डाग त्यांच्यावर नाही.
एप्रिलपर्यंतची खबर लागते. ट्रंक नेलेली आहे.

ऑगस्टात उत्तर आलं,
दुसऱ्या कुणाच्या अक्षरात, एका ओळीचं:
कुलूप कुठं आहे?

कुलपाचं मी कुणाला सांगितलं नव्हतं.
ते त्या चौकोनात मधोमध पडलेलं होतं,
न फोडलेलं, उघडं, किल्ली त्यातच.
तीच किल्ली, जी त्याच्या गळ्यात
ताविजाच्या दोऱ्याला असायची, आंघोळीलाही.

त्यानं स्वतः काढली असेल,
किंवा कुणी त्याच्या गळ्यातून काढून घेतली असेल.
काजळी दोन्हींवर सारखीच बसते.

बशी अजून खिडकीत आहे.
पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय.