दतियाला हात लावू नये

दुसरा शनिवार, रात्रीचे सव्वाबारा.
जयेंद्रगंजातल्या इस्पितळाच्या तळघरात
मी, आणि एकेचाळीस यंत्रं.
वर प्रसूतीचा वॉर्ड जागा,
खाली अपडेट बावीस टक्क्यांवर,
मघापासून तिथंच.

मोघेसाहेबांनी सर्व्हरांना नावं दिली होती
झाशीच्या लाइनीवरच्या स्टेशनांची:
आंतरी, डबरा, सोनागिर, दतिया.
ऑडिटरला ती पोरकट वाटली,
त्याला आकडे हवे होते.
मी म्हटलं, बघू.

आंतरी निमूट चालू झालं.
डबऱ्यानं दोनदा मान टाकली, तिसऱ्यांदा उठला.
सोनागिरला हात घालण्याआधी
त्याचा बॅकअप उघडून पाहिला.
घेतलेला बॅकअप आणि उघडून पाहिलेला बॅकअप,
नवस आणि पोर यांत असतो तेवढा फरक.

राहिला दतिया.
कपाटामागे, खोकणाऱ्या पंख्याचा,
बनवणाऱ्यांनीच वाऱ्यावर सोडलेला.
पाठीवर चिकटपट्टी, तिच्यावर मोघ्यांचं तिरकं अक्षर:
दतियाला हात लावू नये.
कारण नाही. तारीख नाही.
अकरा वर्षांत कुणी विचारलंही नाही;
शेंदूर फासलेल्या दगडाला कोण विचारतं.

पण असं यंत्र म्हणजे मागच्या दाराची सैल कडी.
मुरारच्या त्या शाळेत चोर असाच आत शिरला,
सकाळी सगळ्या पडद्यांवर खंडणीची एकच चिठ्ठी.
परीक्षेचे गुण, फीच्या पावत्या, सगळं गेलं.

म्हणून उघडला.
आत नेमून दिलेल्या कामांची यादी, बहुतेक मेलेली.
संपलेल्या फॅक्सचा पाठलाग करणारं एक,
नसलेल्या प्रिंटरला रोज हाक मारणारं दुसरं.
एकच जिवंत:
पहाटे पावणेसातला
हजेरीचं घड्याळ नऊ मिनिटं मागे.
आठला परत जागेवर.

नऊ.
दहा नाही, पाच नाही.

मी अंगठ्यांच्या नोंदी काढल्या.
रामकली सहा पंचावन्न, गुड्डी सहा सत्तावन्न,
शबाना सहा एकोणसाठ.
सफाईच्या बायका, मुरैन्याहून येणाऱ्या.
सातच्या पुढे एक मिनिट, की अर्धा दिवस कापला.
शटल लागते सहा बावन्नला,
टेम्पोनं इथवर बारा मिनिटं.
मी बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं.

मोघे! ज्यांनी कुणाला कधी चहा पाजल्याचं
ऐकिवात नाही,
पेनाचं टोपणसुद्धा परत मागून घेणारे मोघे.

खोटं घड्याळ ठेवता येत नाही.
वेळ चुकली की प्रमाणपत्रं रुसतात,
नोंदींची साक्ष कुणी धरत नाही,
आणि एका यंत्राचं खोटं
हळूहळू सगळ्यांना निस्तरावं लागतं.
हे मी नव्या पोरांना शिकवते.
पहाटे तीनला तेच स्वतःला सांगत बसले.

मग दतिया बंद केला.
पंखा थांबल्यावर तळघर अचानक मोठं वाटलं.
नव्या हजेरीत एक चौकोन आहे:
सवलत, मिनिटांत. आत शून्य.
मी नऊ लिहिलं.
कोहऱ्याचे दिवस, गाड्या आंधळ्या येतात,
खोडून पंधरा केलं.
खाली लाल ताऱ्याचा रकाना: कारण.
रिकामा सोडला तर पुढे जाऊ देत नाही.
मी लिहिलं, मुरैन्याची शटल.
आणि खाली माझं नाव, पूर्ण, वासंती दिनकर रेगुंडवार.
सोमवारी ऑडिटर विचारेल. विचारू दे.

चिकटपट्टी काढायला गेले तर
'नये' तेवढं निघालं.

सकाळी पायऱ्यांवर थांबले, हातात थंड चहा.
रामकली आली, शालीत नाकापर्यंत.
अंगठा टेकवला.
सात वाजून चार.
ती तशीच उभी, अंगठा काचेवर,
जणू उचलला तर आकडा पक्का होईल.

"मॅडम, आज घड़ी बिगड़ गई क्या?"

"नहीं," मी म्हटलं,
"ठीक हो गई. तू जा, ऊपर पोंछा बाकी है."