बेचाळिसावं नाव

टॅबलेट आणून देताना केंद्रप्रमुख म्हणाले,
वाचन आता हाच तपासेल, मॅडम,
तुम्ही फक्त चार्जिंग बघा.
सातपुड्याच्या पायथ्याला आमची दोन खोल्यांची शाळा,
एकेचाळीस लेकरं, एक टॅबलेट,
आणि वीज, तिच्या मर्जीची.

आधी बसला यशपाल खंडारे.
छाती काढून वाचलं त्यानं:
"शायेच्या मांगं कायी गाय."
पडद्यावर होतं, शाळेच्या मागे काळी गाय.
शब्द चार. तीन लाल.
त्यानं पुन्हा वाचलं, दुप्पट जोरात,
बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं.
पुन्हा तीन लाल.
"मॅडम, याले सर्दी झाली काय?"

वर्ग हसला.
मग चित्रात हिरवी जुडी आली,
कार्तिकी म्हणाली, सांबार.
आतली बाई गोड गळ्यानं म्हणाली,
चुकलं, पुन्हा प्रयत्न कर.
तिच्या घरामागं वाफाभर सांबार आहे,
त्यातला रोज बाजारात जातो,
आणि ती चुकली.

फुलवंती दारसिंबे सगळ्यात शेवटी.
मेळघाटातून उठवून इथं वसवलेल्या गावची.
कुत्र्याला सीटा म्हणाली, पाण्याला डा.
तिच्या शब्दांना तर लालही मिळालं नाही.
पडद्यावर उमटलं: आवाज आला नाही.

दोन दिवस ती माझ्याशीही खुणेनंच बोलली.

तिसऱ्या दिवशी मी टॅबलेट पेटीत घातला,
कुलूप शोधत होते,
तर दारात ऋत्विक तायडे.
पुस्तक नाकाला टेकवून वाचणारा,
अर्ध्या पानात डोळ्याला पाणी येणारा.
त्याला या यंत्रानं
भाकरीएवढं अक्षर करून दिलं होतं,
उरलेला धडा वाचून दाखवला होता,
न थकता, तीनदा.
"मॅडम, आज नाही काहाडत काय?"

कुलूप तसंच राहिलं.

संध्याकाळी कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या.
अकरा वर्षांच्या.
पानापानावर माझी लाल शाई:
डोया खोडून डोळा,
वांगं भरीत बरोबर, भेदरं चूक, टोमॅटो लिही.
या यंत्राला कुणी शिकवलं, मला ठाऊक नाही.
पण त्याच्या गुरुजींचं अक्षर
माझ्या अक्षरासारखं असणार.

मग वरून पत्र आलं.
मुलांचे आवाज भरून पाठवा, यंत्र सुधारेल.
पालकसभेत फुलवंतीचा बाप उठला,
एरवी भिंतीशी बसणारा.
म्हणाला, जंगल नेलं तेव्हाही कागद होता.
आवाज न्याल, तो शिकून मोठा होईल,
मग आमच्या पोरीकडे येईल
का तिकडेच राहील?
मी उत्तराला वेळ मागितला.
पत्र टेबलावर आहे, वर दगड ठेवलाय.

तोवर शनिवारी आम्ही उलटी परीक्षा घेतो.
पोरं बोलतात, यंत्र ऐकतं,
यशपाल पाटीवर मार्क देतो, कंजूष मास्तर,
मागच्या वेळी साडेतीन.
ऋत्विकचा नंबर रोज पहिला,
त्यावर भांडण होत नाही आता.
हजेरीत एकेचाळीसच्या खाली
मी बेचाळिसावं नाव लिहिलंय, पेन्सिलनं.
शाईचं अजून बघू.

फुलवंती मात्र सगळे गेल्यावर येते.
टॅबलेट मांडीवर घेते,
तोंड अगदी जवळ नेते,
म्हणते, डा.
थांबते.
आणि लहान भावाला भरवताना जसं थांबतात
तशी घाई न करता
पुन्हा म्हणते,
डा.